कापितांव न्हातो

रविवारी माझी पाळी दुपारची,
म्हणून सकाळ याची.

विहिरीकडचा चिरा आधी पाणी ओतून निववतो,
मेच्या उन्हात साडेआठलाच तो तापलेला.
बादली, टमरेल,
कडुलिंबाचा पाला उकळून कोमट केलेलं भाणभर पाणी,
माझा जुना टॉवेल,
आणि गोचिडांसाठी करवंटीत थोडं रॉकेल.

टमरेलाचा आवाज झाला
की कापितांवला एकदम ऐकू येईनासं होतं.
काजूच्या झाडाआड उभा राहून
लांब कुठेतरी फार महत्त्वाचं काही पाहत असतो.

"यो रे," मी म्हणतो.
येत नाही.
चोडणच्या धक्क्यावर बावीस वर्षं
मी फेरीबोटीचा दोर बांधतोय, सोडतोय.
जे येत नाही ते कसं आणायचं, एवढं मला ठाऊक आहे:
ओढायचं नाही.
दोर सैल ठेवायचा, पाण्याला पाण्याचं काम करू द्यायचं.
मी पाठमोरा बसतो, कालचा उंडा मोडतो.
थोड्या वेळानं कोपराला ओलं नाक लागतं.

खलाशानं कप्तानाला न्हाऊ घालायचं,
असा हा मामला.

पहिलं टमरेल पाठीवर पडलं
की अर्धा कुत्रा नाहीसा होतो.
उरतो तो नुसत्या बरगड्यांचा, मोठ्या कानांचा,
शाळेतून अंगठे धरून आलेल्या पोरासारखा.
खाजनातला चिखल पोटाखालून काळा काळा उतरतो,
त्यात खेकड्याची एक नांगी.
मानशीजवळ कुठल्या मेलेल्या शेवट्यावर लोळला होता
देव जाणे,
दोन साबण झाले तरी तो मासा वरच.

गोचीड पिळायचा नाही.
चिमट्यानं मुळाशी धरायचा, सरळ उचलायचा.
कानामागून चार, बोटांच्या बेचक्यांतून तीन.
आठवा म्हणून पोटावर चिमटा लावला
ते त्याचं बोंड होतं.
कापितांवनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.
मी माफी मागितली.

गळ्यातला निळा पट्टा एर्मेलिंदबायनं बांधलेला.
तो काढला की खाली केसांत एक फिकी वाट,
पट्ट्याच्याच रुंदीची.
तिथे साबण हळू लावतो.

गेल्या वर्षी ती माणसं गेली, माझ्याच बोटीनं.
चार बॅगा, दोदोलाचा डबा,
स्विंडनला थंडी असते म्हणून
ह्याच महिन्यात अंगावर स्वेटर.
दोर मीच सोडला.
हा धक्क्यावर उभा होता.
मला वाटतं त्यानं माझे हात पाहिले.

नऊ दिवस प्रत्येक फेरीला येत राहिला,
उतरणाऱ्यांची पावलं हुंगत राहिला.
दहाव्या रात्री मी सायकल हातात धरून घराकडे निघालो
तर मागे डांबरावर नखांचा आवाज.
मी वळून पाहिलं नाही.
दार तेवढं उघडं ठेवलं.

या हातांना डिझेलचा वास येतो,
तो साबणानं जात नाही,
आणि ह्याचं नाक काही म्हातारं झालेलं नाही.
तरी कान पुसायला घेतले की
सगळ्या डोक्याचं वजन माझ्या तळव्यात ठेवतो,
डोळे मिटतो.

मग मी टॉवेल उघडायच्या आधीच
अंग झाडतो,
आणि माझीही अंघोळ उरकते.
कंगव्यातले केस कुंपणावर ठेवतो, बुलबुल नेतात.

पट्टा पुन्हा बांधला
की कुंपणाच्या भोकातून पलीकडे.
एर्मेलिंदबायच्या सोप्यावर, कुलपासमोर,
ताठ बसतो,
दाखवायला आल्यासारखा.
मी हाक मारत नाही.
भाण उपडं घालतो, करवंटी धुतो.
रात्री फोन येईल, "कापितांव न्हालो?" विचारेल.
न्हालो म्हणेन.
पुढचं तीही विचारत नाही.

काही वेळानं तो तिथंच सोप्यावर आडवा होतो,
वर्षभराच्या धुळीत उताणा लोळतो,
दोन साबण मातीत.

धक्क्यावर अकराची बोट भोंगा देते.
पाय हवेत तसेच थांबतात.
कान उभे राहतात,
आधी उजवा,
मग डावा, अजून ओला.